बिनहळदीचं वरण

बेण्याला कोंब फुटले होते आणि लावायला भुई नव्हती, त्या ज्येष्ठात आम्ही गाव सोडलं.

आमचं गाव वर्धेच्या काठी, कौंडण्यपुराच्या अलीकडं. आम्ही माळी. वाडीत वांगी, कांदे, मिरच्या सगळंच होई, पण नाव होतं ते हळदीचं. दरसाल ज्येष्ठात बेणं, म्हणजे लावायचे गड्डे, खड्ड्यातून वर काढायचे आणि वाफ्यांत घालायचे, हा आमचा सणच असे. त्या साली ह्यांच्या थोरल्या भावानं, आमच्या भासऱ्यांनी, वाफेच मोडले. समुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या भुईला एकाएकी भाव आला. भासरे म्हणाले, "हळद सालभर भुईत बसून खाते. कापूस दिवाळीले घरात येते." झालं. तिफण फिरली. कापसाला एवढी माणसं लागत नाहीत, म्हणून धाकट्यानं, म्हणजे ह्यांनी, अकोल्याचा रस्ता धरायचा ठरला. तिथं गोदामं बांधणं चालू होतं, रुई दाबून गाठी करायची यंत्रं बसत होती, आगगाडीचे रूळ येत होते. माणूस मिळत नाही अशी ओरड होती.

बंडी जुंपली. सासूबाई खड्ड्याच्या कडेला बसून होत्या. कोंब आलेले गड्डे मांडीवर घेऊन एकेक कोंब मोडत होत्या. आमच्याकडं पाहिलं नाही. मी पाया पडायला वाकले तेव्हा मागच्या सालच्या हळकुंडांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "सगुणा, तिथं कोणाच्या हातचं पिवळं घेजो नोको. पिवळं दिसते ते समदं हळद नसते." जा म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. एवढंच.

तुम्ही गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच बंडीत बसून निघालेल्यांनो, तुम्हाला हे सांगायचं कारण, की ते वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं. उमरावतीला मुक्काम केला तिथल्या धर्मशाळेतलं पाणीसुद्धा मी आधी ओंजळीत धरून उन्हात पाहिलं, मग प्यायले. हे हसले. "पाण्याले कोण रंग देते वो?" म्हणाले. मी म्हटलं, देणारा सांगून देतो का?

अकोल्यात आलो आणि माझ्या संशयाला खाद्यच मिळालं. आमच्या आळीत कोणीच कोणाचं नव्हतं. बाळापूरकडचे, मेळघाटाकडचे, खानदेशातले, सगळे कापसाच्या वासानं आलेले. दूधवाली दर आठवड्याला निराळी. तेलाला कसला वास येतो ते सांगता येऊ नये. बाजारात हळदीच्या राशी अशा पिवळ्याधमक, की आमच्या घरची हळद त्यांच्यापुढं आजारी वाटावी. मी एक हळकुंड उचलून मोडून पाहिलं. वरून सोनं, आतून भुसा. वर पिवळी माती चोळली होती. वाण्याला तसं तोंडावर म्हटलं तर म्हणतो कसा, "बाई, घ्यायचं नसन तर हात कावून लावता?" तेव्हापासून गाठोड्यातलं हळकुंड मी किसून किसून, चिमटीनं वापरी. शेजारची भागीरथी मला "हळदीची सावकारीण" म्हणे. ती बाळापूरकडची. तोंडानं फटकळ, पण माझी लेक गोदी तिच्याच अंगणात रांगायला शिकली.

दिवाळी झाली आणि गाठी दाबायचं काम सुरू झालं. तुम्ही वाडीतली माणसं, तुम्हाला ते डोळ्यांपुढं यायचं नाही. पत्र्याखाली रुईचे डोंगर, आणि हवेत तिचा बारीक कोंडा, पावसाळ्यात चिलटं असावीत तसा. माणसं बाहेर येत ती पांढऱ्या मिशांनी, पांढऱ्या भुवयांनी. पोरं म्हातारी दिसत. ह्यांना खोकला लागला. सगळ्यांनाच लागला. मी दुधात हळद देई, चिमूटभर, घरी देत तशीच. त्यानं घसा निवे, खोकला जाईना. जाणार कसा? सकाळी पुन्हा तोच कोंडा.

आणि मग तो गोळीवाला आला.

कापसाच्या बाजाराच्या तोंडाशी एक निंब होता. त्याच्या बुंध्याशी चादर पसरून हा गृहस्थ बसे. अंगात स्वच्छ अंगरखा, पुढ्यात पितळेचा डबा, डब्यात बोराएवढ्या पिवळ्या गोळ्या. हळद, मिरे आणि गूळ, दुसरं काही नाही, असं शपथेवर सांगे. आणि गळा काय गोड! "गाव सुटलं, माय सुटली, पण मायीच्या हातची हळद सोडू नका बाप्पा!" असं तो ओरडे आणि माझ्या अंगावर काटा येई. लोकांच्या डोळ्यांत पाणी येई ते मी पाहिलंय. माझ्या मनात मात्र एकच, की ह्याला आमच्या मायांची एवढी काळजी कशी? ह्याची कुठाय? हा कोणत्या गावचा? मी एकदा विचारलं. म्हणाला, "बाई, समदी गावं माहीच गावं." ज्याला समदी गावं आपली, त्याला कोणतंच गाव नसतं, असं मी घरी येऊन म्हटलं. हे म्हणाले, "तुले तर देवावरही भरवसा नाही."

गोळ्या घरी आल्याच. मी डबी उघडली, वास घेतला. वास खरा होता. तरी मी म्हटलं, माती असेल. तर हे उठले आणि माझ्याच पानाच्या डब्यातून चुना काढला.

"काय करून रायले तुमी?"

"पाय ना आता."

गोळी तळहातावर चुरली, चुना लावला, थेंबभर पाणी घालून चोळली. क्षणात तळहात लाल झाला, कुंकवासारखा. आमच्याकडं हळदीची परीक्षा हीच. माती लाल होत नाही, दुसरा कोणता रंग लाल होत नाही, हळदच होते.

"आता बोल," हे म्हणाले. "हळदकऱ्याच्या पोटी जन्मलो अन् मले हळद वळखू येत नाही?"

मी त्यांचा तळहात उजेडाला धरून पाहिला. हळद खरी होती. तरी मन खाली बसेना. पण कशाचा संशय आहे तेच सांगता येईना, आणि नाव नसलेल्या संशयाला घरात कोण विचारतो!

आता आमच्या माणसांची खोड सांगते. आम्ही हळदकरी. आमची सगळी अक्कल हळद खरी की खोटी एवढ्यावरच खर्च झालेली. खरी ठरली की संपलं, मग तिच्यात वाईट काही असतं हे आमच्या डोक्यात येतच नाही. किती खावी, हे कोणी विचारलंच नाही. घरी विचारायची वेळच येत नसे. सासूबाईंची चिमूट होती ना. ती चिमूट हेच माप, आणि ते माप गावात राहिलं होतं.

गोळीवाला सांगे, तळहात पिवळे झाले की समजा गोळी लागू पडली. झालं! कामावर सगळ्यांची चढाओढ लागली. जेवणाच्या सुट्टीत गडी एकमेकांना तळहात दाखवत. कोणाचा जास्त पिवळा? ज्याचा कमी तो दोन गोळ्या जास्त खाई. मुकादम म्हणे, "काय बाप्पा, आज कोणाची वरात हाय?" आणि हे सगळ्यांत पुढं, कारण हळदकऱ्याचा पोरगा मागं राहून कसा चालेल? घरी येऊन हात पुढं करत, जसा काही पराक्रम केलाय. खरं सांगते, खोकला थोडा कमी झाला होता. ते मी नाकारत नाही.

संक्रांतीनंतर ह्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसत आणि अर्धी भाकर ठेवून उठत. अंगाला खाज सुटली. कामावरून आले की भिंतीला टेकून बसत ते बसतच. एरवी गोदीला उचलून घ्यायचे, आता तिच्याकडं नुसतं पाहत. तोंड पिवळं दिसू लागलं. आळी खूश! भागीरथी म्हणाली, "मायबाई, हळद फुटली अंगावर! नवरदेवावाणी दिसून रायले भाऊजी. गोळी मानवली."

मला ते मानवलं नाही. माझ्या बापाचे, भासऱ्यांचे, नवऱ्याचे हळदीनं माखलेले कपडे धुण्यात माझं आयुष्य गेलंय. हळदीचा डाग पाण्यानं जात नाही, पण उन्हात टाकला की दुपारपर्यंत उडतो. हे हळदकऱ्याच्या बायकोला वेगळं शिकवावं लागत नाही. मी ह्यांचा सदरा धुवून कुडावर टाकला. बाहीवरचा पिवळेपणा उन्हानं खाल्ला, सदरा पांढरा झाला. आणि त्याच उन्हात, त्याच कुडाशी हे सकाळपासून बसले होते. तोंड तसंच. मी जवळ गेले, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळ्याचं पांढरं होतं ते पिवळं झालं होतं. जुन्या तुपासारखं.

हळद कितीही खा, कितीही लावा, ती डोळ्यांत उतरत नाही. ही कावीळ होती, आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो.

गोळीवाल्याकडं गेले. म्हटलं, कावीळ झालीय. तो जरासुद्धा बिचकला नाही. "तर मंग गोळी वाढवा बाई. काट्यानंच काटा निघते." आजूबाजूचे माना डोलवू लागले. मी विचारलं, "उद्या येता का घरी पाहाले? त्याइचे डोळे पाहाले?" तर हसून म्हणाला, "मी इथंच असतो बाई. ज्याले गरज त्यानं यावं." त्याच्या बोलण्यातला गोडवा मला तेव्हा पहिल्यांदा कळला. गूळ गोळीतही होता आणि जिभेवरही, आणि दोन्ही ठिकाणी कडू लपवायलाच.

घरी आले आणि आधी डबी चुलीत टाकली. मग सासूबाईंचं गाठोडं, त्यातलं उरलंसुरलं हळकुंड, उचलून माळ्यावर ठेवलं. आमच्या गावी काविळीच्या घरात पिवळं शिजत नाही. का, ते मी विचारलं नव्हतं. तसंच चालत आलेलं. त्या दिवशी मी तुरीचं वरण केलं, हळद न घालता. पांढुरकं, मातकट. ज्वारीची पातळ कण्हेरी केली, ताक दिलं.

हे ताटाकडं पाहून म्हणाले, "काय वो हे? सुतकातलं जेवण? मी जिता हाओ ना अजून?"

मी म्हटलं, "जिते राहावे म्हणूनच. खा."

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडं बिनहळदीचं कधी शिजतं. घरातलं माणूस गेलं की. चांगल्या घरात, सवाष्णीच्या हातून, नवरा समोर बसलेला असताना असं वरण वाढणं म्हणजे यमाला हाक मारणं. भागीरथीनं शेजारून वास घेतला की काय कोण जाणे, सरळ चुलीशी आली आणि पातेल्यात पाहून ओरडली, "अवो, नवरा जिता असून बिनहळदीचं रांधून रायली? तुह्या हाताले काही वाटते का नाही?" मी म्हटलं, हाताला पुष्कळ वाटतं, पण हाताचं आज ऐकायचं नाही. ती पाय आपटत गेली. मग आळीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावू लागल्या. गोदीला अंगणात कोणी घेईना. सांगणाऱ्यानं मला येऊन सांगितलं, की लोक म्हणतात, सगुणाला नवरा नको झालाय.

मी सांगते, भीती मला त्यांच्याहून जास्त वाटत होती. वरण ढवळताना चिमूटभर घातली तर काय होतंय, असं रोज मनात येई. आणि मी एरवी सगळ्यांवर संशय घेणारी, आता स्वतःवर घेऊ लागले. मी बरोबर आहे कशावरून? सगळी आळी एकीकडं, मी एकीकडं, आणि मध्ये हा माणूस भिंतीला टेकलेला. हा गेला तर लोक म्हणतील, हिनं आधीच सुतकाचं रांधलं होतं. आणि मीही तेच म्हणेन.

रोज सकाळी मी पापणी ओढून पाहायची. हे चिडायचे, "बैल पारखून रायली का?" मी म्हणायची, बैल असता तर दात पाहिले असते. कितीतरी दिवस काही फरक नाही. मग एकदा वाटलं, कडेला थोडं पांढरं आहे. मी ते कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. पुढं एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "मिरची हाय का घरात?" मी चुलीपाशी तोंड फिरवून रडले. ज्याला मिरची आठवली तो माणूस जगणार.

होळीच्या सुमारास हे कामावर गेले, पण पत्र्याखाली नाही. रुळांच्या कामावर, मोकळ्या हवेत. गोळीवाला तोवर गेला होता. निंबाखाली दुसराच कोणी ताईत विकत बसला होता. पहिला कुठं गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, गोळ्यांनीच झालं हे कशावरून? पाण्यानं झालं असेल, अन्नानं झालं असेल. मीही म्हणते, असेल. मी वैद्य नाही. तशा गोळ्या दुसऱ्यांनीही खाल्ल्या, त्यातल्या कित्येकांना काही झालं नाही, कोणी आजारी पडून गावी निघून गेला त्याचं पुढं कळलं नाही. मी एवढंच पाहिलं, की गोळी सुटली आणि पिवळं उतरलं. आणि कधी कधी वाटतं, त्या गोळ्यांत निम्मी माती असती तर बरं झालं असतं. सासूबाईंनी मला खोट्या हळदीपासून जपायला सांगितलं होतं. खऱ्या हळदीपासूनही जपावं लागेल, असं त्यांच्या डोक्यात कधी आलं नसेल. घरी ती वेळ आलीच नव्हती.

पुढं ती लढाई संपली, कापूस पडला, गोदामं ओस पडली. लोक आले तसे निघून गेले. आम्ही राहिलो, कारण रेल्वेत ह्यांचं बस्तान बसलं होतं. 'टेसन', 'सिंगल', 'मालधक्का' हे शब्द गोदी घरात बोलू लागली होती. कौंडण्यपूरच्या जत्रेच्या निमित्तानं आम्ही गावी गेलो. वाडीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. सासूबाई थकल्या होत्या. त्यांनी मला पेल्यात दूध दिलं, हळद घातलेलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, हळद कुठली?"

त्या हळू म्हणाल्या, "जत्रेतली. इकतची." आणि आत गेल्या. ज्या घरची हळद लोक नाव घेऊन मागत, त्या घरात विकतची हळद, आणि तिच्यावर सुनेचा संशय. मी दूध प्यायले, पण त्याआधी ते बोटावर घेऊन पाहिलं होतं, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बोलणं जरा तुटकच झालं. गावाबद्दल मी मनात बाळगलेलं काहीतरी त्या पेल्यात बुडालं. मला वाटत असे की संशय ही अकोल्याची हवा आहे, गावी गेलं की उतरेल. तो माझ्याबरोबर बंडीत बसून आला होता.

त्यानंतर खूप दिवस मला कोणतंच ठिकाण आपलं वाटेना. गाव म्हटलं की तो पेला डोळ्यांपुढं येई, अकोला म्हटलं की तो निंब.

एकदा पावसाळ्यात मला ताप भरला. हे मालगाडीबरोबर शेगावकडं गेलेले. मी वाकळ घेऊन पडून होते. दार लोटून भागीरथी आत आली. त्या वरणानंतर ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तोंड वाकडंच. आली, माझं तोंड दाराकडं, उजेडाकडं वळवलं, आणि खरखरीत अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. बराच वेळ पाहिलं.

"पांढरा हाय," म्हणाली. "तापच हाय नुसता. पेज आणतो."

मी विचारलं, "उद्या येशीन?"

"तं काय? तुह्या डोळ्याचा मले भरवसा हाय का?" असं म्हणून ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आली. पुन्हा पापणी ओढली. तिसऱ्या दिवशीही आली.

तिनं आणलेली पेज पिवळी होती. मी कुठली हळद ते विचारलं नाही. पेज संपवली, आणि बरी झाल्यावर त्याच महिन्यात मागल्या दारी हळदीचा एक वाफा केला. ह्यांनी विचारलं, "इथंच राहाचं ठरवलं का मंग?" मी म्हटलं, हो. इथं दुसऱ्या दिवशी पाहायला येणारं माणूस आहे.